गाळ

कासारतडोळीच्या बारवेला सत्तेचाळीस पायऱ्या आहेत.
मोजल्या नाहीत मी, झाडल्यात,
रोज, वरून खाली,
बारा वर्षं, रोजंदारीवर.
एकोणिसावी हलते.
तेहतिसावीच्या फटीत विंचू राहतो,
त्याला मी काही करत नाही, तो मला.

कागदावर चौसष्ट आहेत.

कागद आणला अनसूयानं,
लिंबाजी वडाराच्या पोरीनं,
अर्जाला दहा रुपयांचं तिकीट चिकटवून,
तीस दिवस आणि वर सत्तर दिवस थांबून.
काठावर बसून मोठ्यानं वाचला:
पायऱ्यांची दुरुस्ती, नग चौसष्ट.
दरजा चुन्यात भरणे;
मिश्रणास गूळ, बेलफळ, उडदाची डाळ.
कुशल कारागीर चौदा, दिवस नव्वद.
गाळ काढणे, अकराशे चाळीस घनमीटर.

लिंबाजीनं बिडी विझवली.
चौदा कुठले गं? मी एकटाच होतो की,
अडीच दिवस.
सिमेंटची सात पोती.
गूळ तर चहापुरताबी नव्हता.

पोरगी पॉलिटेक्निकला आहे, अंबाजोगाईला.
तिनं टेप काढला, मी टोक धरलं.
लांबी, रुंदी, खोली.
वहीत दोनदा गुणाकार केला
आणि अशी हसली
की कोनाड्यातली पारवी उडाली.
मामा, आख्खी बारव काठोकाठ गाळानं भरली
तरी साडेनऊशेच्या वर जात नाही!

म्हणजे आमच्या बारवेतनं
बारवेपेक्षा जास्त गाळ निघाला.

पुढचं पान तिनं मनात वाचलं
आणि माझ्याकडं बघितलं.
कागदावर मी दोघं आहे.
एक दिवसाचा पहारेकरी, एक रात्रीचा.
दोघांचा पगार फाल्गुनापर्यंत चुकता.
मला दिवाळीपासून नाही.
त्या रात्रीच्याला मिळाला असंल.

तक्रार गेली, मग साहेब आले, वैशाखात.
पांढरी गाडी, फाइल, टोपी.
वरूनच वाकून बघितलं.
सतरा पायऱ्या पाण्याखाली असतील, म्हणले,
तसं लिहा, इथं सही करा.
तळाला बेडूक
पायी चालला होता.

बारवेच्या तोंडाशी एक दगड आहे.
वर चंद्र-सूर्य, मधे अक्षरं, खाली गाढव.
गावात त्याला गाढवाचा दगड म्हणतात.
मागं एक म्हातारे गुरुजी आले होते अक्षरं वाचणारे,
दिवसभर ओल्या फडक्यानं दगड पुसत बसले.
त्यांनी सांगितलं:
या पाण्याच्या डागडुजीसाठी अमक्यानं इतकी जमीन लावून दिली,
तमक्यानं इतकं सोनं,
आणि जो कुणी हे खाईल
त्याच्या आईला...
पुढचं ते बोलले नाहीत,
शाळेतल्या पोरी घागरी घेऊन उभ्या होत्या.
फक्त म्हणले, याला गद्धेगाळ म्हणतात.
जुन्या भाषेत गाळ म्हणजे शिवी.

कुणीतरी हिशोब दगडावर टाकला होता,
येत्याजात्याला दिसंल असा.
तिकीट न लावता.

त्याच्या शेजारी खात्याची निळी पाटी.
नुकसान करणाऱ्यास शिक्षा होईल,
एवढंच गंजातनं वाचता येतं.
ती पाटीही त्या कागदावर आहे,
एक्केचाळीस हजारांना.

मी पेन परत दिलं.
म्हणलं, साहेब, सगळा गाळ निघाला म्हणून लिहिलंय ना तुम्ही,
हा एक राहिलाय बघा.
आणि गाढव दाखवलं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
चश्मा काढून पुसला.
ड्रायव्हर दुसरीकडं बघायला लागला.
मग काय वाटलं काय की,
फाइल काखेत मारली
आणि उतरायला लागले,
ओठांतल्या ओठांत मोजत.
सोळा. सतरा.

एकोणिसावी हलते साहेब, मी वरून ओरडलो.
जपून.